सरळ रस्त्याने झिजवलेला रॅक

जुन्या गाडीचा स्टेअरिंग रॅक, म्हणजे डावी-उजवीकडे सरकून पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी, उघडून, डिझेलने धुऊन, पुसून टेबलावर ठेवला की आधी त्याच्या मधल्या दातांकडे पाहावं. दोन्ही टोकांकडचे दात कारखान्यातून निघाले तसे करडे, कोरे असतात. मधले पाच-सहा मात्र आरशासारखे चकाकतात. नवख्याला ती चकाकी चांगली वाटते, पण ती झीज असते. गाडी आयुष्यभर जास्तीत जास्त वेळ सरळ चालते, आणि सरळ चालताना पिनियन, म्हणजे स्टेअरिंगबरोबर फिरणारं छोटं दातेरी चाक, त्याच पाच-सहा दातांवर अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा मिलिमीटर तिकडे घासत राहते. नागपूरच्या गाडीत हे अधिकच. वर्धा रोडने बुटीबोरी, जबलपूर रोडने मनसर, अमरावती रोडने कोंढाळी, कुठेही निघा, रस्ते लांबच लांब सरळ. घाटातली गाडी आपला रॅक निदान सगळीकडून सारखा झिजवते, सपाट मुलखातली तो मधोमध खाते.

एवढी गोष्ट नीट समजली तर रॅकच्या कामातल्या निम्म्या चुका टळतात. 'स्टेअरिंगला प्ले आहे', म्हणजे ते ढिलं आहे, म्हटलं की पहिला हात जातो तो रॅकला पिनियनवर दाबून धरणाऱ्या डॅम्परच्या कॅपकडे. कॅप आवळली की मधला प्ले जातो, गाडी चौकापर्यंत छान चालते, आणि वळणावर चाक जड होऊन अडकतं. मध्ये ढिला असलेला रॅक टोकांना अजून पुरेपूर जाड असतो, म्हणून मधल्या मापाने आवळलेली कॅप टोकांना त्याला आवळून धरते. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. ते जुन्या प्लेपेक्षा कितीतरी वाईट.

इथे डोळ्यांसमोर ट्रायम्फ स्पिटफायर ही छोटी इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे, आणि तिच्याबरोबर तिची मोठी बहीण हेराल्ड. स्पिटफायर १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनली. आपल्याकडे तिची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, पण तिच्या चेसिसचा, पुढच्या सस्पेन्शनचा आणि स्टेअरिंगचा उगम हेराल्डमध्ये आहे, आणि हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१पासून भारतात बनवली. दोघींची रेखाटनं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीची. त्यामुळे विदर्भातल्या एखाद्या गोदामात पडून असलेली स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे स्पिटफायरवाल्यासाठी अभ्यासाचं पुस्तकच. सुटे भाग जसेच्या तसे बसतील असं गृहीत धरू नये, वर्षागणिक बदल झालेले आहेत, पण कामाची रीत तीच.

रॅक-पिनियन म्हणजे इथल्या मिस्त्रींना परदेशी गोष्ट, असंही नाही. अँबॅसडरला रॅकच होता, आणि अँबॅसडर २०१४पर्यंत बनत होती. मारुती ८०० रॅकचीच. पद्मिनीला मात्र रॅक नव्हता, तिचा स्टेअरिंग बॉक्स. पद्मिनीवर हात बसलेला मिस्त्री स्टेअरिंगचा प्ले म्हणजे वरचा स्क्रू फिरवून काढायची गोष्ट समजतो, अँबॅसडरवर हात बसलेला आधी गाडीखाली जाऊन रॅकच्या टोकांवरचे रबराचे बूट, म्हणजे घड्यांची आवरणं, चाचपतो. काम सोपवायचं असेल तर या अँबॅसडरवाल्याकडे सोपवावं.

रॅक काढायच्या आधी मात्र तो खरोखर दोषी आहे का, ते पाहायला हवं. अर्धा तास लागतो आणि पुष्कळदा हजारो रुपये वाचतात. पुढची दोन्ही चाकं वर घ्या, गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. या गाड्यांचं अख्खं बॉनेट पुढे उलटतं, त्यामुळे चाकाशेजारी बसून सगळं दिसतं, ही मोठी सोय. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं इकडेतिकडे करावं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर हात ठेवत जावं. कॉलमच्या खालची रबर कपलिंग, पिनियनवरचा पिंच बोल्ट, रॅकला चेसिसवर धरणारे यू-बोल्ट, रबर बुटाच्या आतला बॉल जॉइंट, बाहेरचा टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा, टाय रॉडचा, सांधा), आणि शेवटी चाकाचं बेअरिंग. हालचाल जिथे हरवते तिथे बोटाला 'टक्' लागते. बेअरिंगला थोडा प्ले असतोच, ते टेपर बेअरिंग ०.०५ ते ०.२० मिमी मोकळं ठेवायचं असतं, त्याला दोष समजून आवळलं तर ते जळेल.

स्टेअरिंग ढिलं नसून जड असेल तर तपास वेगळा. दोन्ही टाय रॉड एंड सोडवा आणि स्टेअरिंग फिरवून पाहा. ते हलकं झालं तर रॅक निर्दोष आहे, जडपणा चाकाकडे आहे. आणि या गाड्यांत चाकाकडचा जडपणा म्हणजे बहुतेक वेळा ट्रनियन. पुढच्या चाकाच्या उभ्या खांबाचा खालचा आटा (थ्रेड) पितळी ट्रनियनमध्ये फिरतो, आणि त्याला ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल लागतं. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. ग्रीस त्या आट्याच्या खोबणीत तळापर्यंत जात नाही, वरच थिजतं. खाली पावसाचं पाणी साचतं, आटा गंजतो, आणि एक दिवस वळणावर खांब त्या आट्यातून तुटून चाक आडवं पडतं. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट आहेत, त्यामुळे ट्रनियन एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जोर लावून बसवायला जाऊ नये. दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, ऑइल भरलेली वेगळी गन लावून खालून थेंब बाहेर येईपर्यंत द्यावं. ही गन ग्रीसच्या गनपासून लांब ठेवावी, तिला लाल पट्टी चिकटवावी, आणि गॅरेजात गाडी सोडताना ती गाडीबरोबरच द्यावी.

रॅकच दोषी ठरला तर तो काढायचा. त्याआधी टाय रॉडवर बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहा, आणि लॉकनटपाशी रंगाचा ठिपका द्या. टाय रॉड एंड सुटत नसेल तर त्याच्या डोक्यावर हातोडा मारू नका, आटा पसरतो. पुलर लावून ताण द्या आणि स्टेअरिंग आर्मच्या डोळ्यावर बाजूने एक कडक ठोका मारा, टेपर आपोआप सुटतो. पिंच बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, नुसता ढिला करून भागत नाही, कारण तो पिनियनच्या खाचेतून जातो. यू-बोल्टचे नट काढले की रॅक एका बाजूने तिरका करून बाहेर येतो.

इथेच आट्यांचं सांगायला हवं, कारण इथेच गाड्या बिघडवल्या जातात. ट्रायम्फचे हे आटे इंची आहेत, यूएनएफ नावाच्या बारीक मापाचे. ५/१६ इंच यूएनएफचा व्यास ७.९४ मिमी आणि इंचाला २४ आटे. आपल्याकडे मिळणारा बारीक आट्याचा ८ मिमी नट, १ मिमी पिचचा, म्हणजे इंचाला २५.४ आटे. दोघं इतके जवळचे की नट दोन-तीन फेरे हाताने चढतो, मग पान्याने आवळला जातो, आवळल्यासारखा वाटतोही, आणि आत आटा कापला गेलेला असतो. स्टेअरिंगच्या कामात असा एक नट पुरे. पान्याचंही तेच. अर्धा इंची पाना म्हणजे १२.७ मिमी, त्या जागी १३चा पाना चालवला की नटाचे कोपरे गोल होतात. इंची पान्यांचा एक संच आणि यूएनएफच्या नायलॉक नटांची एक डबी, हा या कामातला पहिला खर्च. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले नट, एकदाच वापरायचे. बोटांनी फिरला तर फेकून द्यायचा.

खोलण्याआधी रॅक बाहेरून स्वच्छ धुवा. नाहीतर वर्षानुवर्षांची रेती आपणच आत ढकलतो. बूट काढा, आतल्या बॉल जॉइंटच्या टॅब वायसर (दुमडून नट अडवणारे वायसर) सरळ करा, लॉकनट ढिले करून जॉइंट उघडा. रॅक कधीही दातांवर व्हाइसमध्ये धरू नका. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावून सपाट बाजूने धरा. मग डॅम्परची कॅप, स्प्रिंग, प्लंजर (रॅकला टेकणारा दट्ट्या) आणि त्यांच्यामधल्या शिम, म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्या. या शिम जशा निघाल्या तशाच तारेत ओवून ठेवा. नंतर पिनियनची सर्क्लिप, आणि पिनियन आपल्या शिम-वायसरसह बाहेर. रॅकची दांडी नळीतून काढताना पिनियनच्या बाजूने ओढा. दुसऱ्या टोकाला बुश असतो, त्यातून दात ओढले की तो ओरखडतो.

धुतल्यावर तपासणी. मधले दात आणि टोकाचे दात यांच्यावरून नख फिरवून फरक कळतो, पण त्यावर विसंबू नका, खरं माप पुढे डॅम्पर लावताना मिळतं. दांडीच्या बुटात राहणाऱ्या टोकांकडे बघा. बूट फाटलेला असेल तर तिथे गंजाचे खड्डे दिसतील, आणि असा खड्डा बुशमधून आत-बाहेर करताना कानशीसारखा चालतो. वाकडेपणा व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने पाहायचा. हिंगणा एमआयडीसीत ज्या टर्निंगच्या दुकानात शाफ्टची कामं होतात, तिथे हे दहा मिनिटांचं काम आहे. दांडी वाकडी निघाली तर प्रेसखाली सरळ करण्याचा मोह सोडावा. तिचे दात कडक केलेले असतात, सरळ करताना मुळाशी केसाएवढी चीर पडते आणि ती डोळ्याला दिसत नाही. त्याच कारणाने झिजलेल्या दातांवर वेल्डिंगचा भराव घालून ते घासून काढणं, हे काम कोणी कितीही सफाईने करून देतो म्हणाला तरी करून घेऊ नये. पिनियन आणि टाय रॉड यांच्यावर डाय पेनिट्रंट मारून बघावं: लाल रंग, पुसणं, पांढरी पावडर, आणि चीर असेल तर लाल रेघ. फॅब्रिकेशनवाल्यांकडे हे डबे असतात.

टोकाचा बुश हा दुर्लक्षित भाग. रॅक खड्ड्यात 'खटखट' करतो आणि सगळे डॅम्परच्या मागे लागतात, तेव्हा पुष्कळदा हा बुश अंडाकृती झालेला असतो. नळीच्या दुसऱ्या टोकाशी दांडी हाताने वरखाली करून पाहिली की कळतं. नवीन मिळाला नाही तर लेथवर करून घेता येतो: गनमेटल किंवा डेलरिन (एक कडक प्लास्टिक). गनमेटलमध्ये दांडीला ०.०५ मिमी मोकळीक ठेवावी, डेलरिनमध्ये थोडी जास्त, ०.०८ ते ०.१०, कारण डेलरिन उष्णतेने धातूपेक्षा जास्त फुगतं आणि इंजिनाखालच्या या जागेत मे महिन्यातली दुपार काय असते ते आपल्याला ठाऊक आहे. नायलॉन स्वस्त पडतं म्हणून लेथवाला ते सुचवेल. नको म्हणावं. नायलॉन हवेतलं पाणी शोषून फुगतं. मेमधल्या कोरड्या हवेत नेमका बसलेला नायलॉनचा बुश जुलैत दांडी धरून ठेवतो.

आता जोडणी, आणि तिचा गाभा म्हणजे डॅम्पर. पिनियन आधी बसवा, शिम लावून त्याचा उभा प्ले जवळजवळ नाहीसा करा, पण पिनियन बोटांनी अडथळ्याविना फिरला पाहिजे. मग स्प्रिंग आणि शिम न लावता फक्त प्लंजर आणि कॅप लावा. कॅप हलक्या हाताने, रॅकला जेमतेम टेकेपर्यंत फिरवा. कॅपच्या कडेखाली जी फट राहते ती फिलर गेजने मोजा. इथपर्यंत सगळेच करतात. पण हे माप एकाच ठिकाणी घ्यायचं नसतं. पिनियन फिरवून रॅक एका टोकाकडे न्या, मोजा. दुसऱ्या टोकाकडे न्या, मोजा. मधोमध आणा, मोजा.

समजा टोकांना फट ०.५५ मिमी भरली आणि मध्ये ०.३५. मध्ये रॅक झिजून बारीक झाला, म्हणून प्लंजर तितका आत गेला, कॅप तितकी खोल बसली आणि फट कमी झाली. शिमची जाडी ठरते ती सगळ्यात मोठ्या फटीवरून, म्हणजे जिथे रॅक सगळ्यात घट्ट आहे तिथून: ०.५५ अधिक ०.१० मिमी मोकळीक, एकूण ०.६५. मधल्या मापावरून ०.४५चा गठ्ठा लावला असता तर टोकांना रॅक ०.१० मिमी दाबला गेला असता, आणि सुरुवातीला सांगितलेला तो अडकणारा रॅक आपणच तयार केला असता.

०.६५ लावल्यावर मध्ये ०.३० मिमी मोकळं राहतं. स्प्रिंग प्लंजरला दाबून धरते, म्हणून गुळगुळीत रस्त्यावर ते जाणवत नाही. पण खड्ड्याचा धक्का आला की प्लंजर तेवढा मागे सरकून आपटतो, तोच तो आवाज. किती फरक चालवून घ्यायचा? माझं मत असं: टोक आणि मध्य यांतला फरक ०.१० मिमीपर्यंत असेल तर रॅक खुशाल वापरावा. ०.२०वर गेला तर त्याचं आयुष्य संपलं, नवीन दांडी आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत. नव्या दांडीवर जुना पिनियन लावला तर तो तिला स्वतःसारखी करून घेतो. मागवताना उजव्या हाताच्या गाडीचा रॅक आहे हे स्पष्ट लिहावं. डाव्या हाताच्या गाडीच्या रॅकमध्ये पिनियन दुसऱ्या टोकाला असतो, तो उलटा करून लावता येत नाही.

गठ्ठा जमवायला ०.०५, ०.१० आणि ०.२५ मिमीचे पितळी शिमचे पत्रे पुरतात. इतवारीच्या लोहा ओळीत विचारावं. जुन्या शिमवर काठ उचललेला असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो घासून काढावा, नाहीतर मापात खोट येते. सगळं बसल्यावर पिनियनला दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने ओढून पाहा. रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना काटा एकसारखा राहायला हवा. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा, पण काटा मध्येच उडी मारत असेल तर आकडा बरोबर असूनही जोडणी चुकलेली आहे.

आतल्या बॉल जॉइंटचंही असंच. शिम कमी करत जायचं, प्ले गेला की थांबायचं. दांडी आडवी धरून टाय रॉड सोडला तर तो धाडकन खाली पडता कामा नये, आणि बोटाने ढकलला तर अडखळता कामा नये. टॅब वायसर नवीन वापरा आणि दोन्ही बाजूंनी नीट दुमडा. हा जॉइंट बुटात लपलेला असतो, सुटला तर आधी कळत नाही.

ग्रीस लिथियम ईपी २. दातांवर भरपूर चोपडा, प्रत्येक बॉल जॉइंटला एक चमचाभर, बुशला पातळ थर. बूट ग्रीसने भरू नका. रॅक एका बाजूला गेला की एक बूट मिटतो आणि त्यातली हवा नळीतून दुसऱ्या बुटात जाते. नळीत ग्रीस ठासलं तर हवेला वाट उरत नाही आणि बूट फुग्यासारखा फुगून क्लिपमधून निसटतो. नंतर सर्व्हिसिंगला गाडी दिली की पोरगा रॅकच्या निपलला गन लावून ग्रीस बाहेर दिसेपर्यंत दाबत राहतो. बाहेर दिसायची सोयच नाही, ते बुटातच जातं. पाच दाब, बस्स. निपल काढून त्या जागी प्लग लावून ठेवणं उत्तम.

बूट स्वतः रबराचे, आणि आपल्याकडचा उन्हाळा रबराला मारतो. घड्यांच्या तळाशी बारीक तडे पडतात ते वरून दिसत नाहीत, बोटांनी घडी उघडून पाहावं लागतं. मेच्या शेवटी एकदा पाहावं. काळ्या मातीचं पाणी आत गेलं की ग्रीसबरोबर त्याचं उत्तम पॉलिश पेस्ट तयार होतं. त्या पेस्टने एका पावसाळ्यात जेवढी झीज होते तेवढी सरळ रस्त्यानेही होत नाही.

आता सुधारणा. माझ्या मते या गाडीत एकच सुधारणा खऱ्या अर्थाने पैसे वसूल करते: रॅकचे माउंट. मूळ गाडीत रॅक दोन रबरांवर यू-बोल्टने धरलेला असतो, आणि ही रबरं नेमकी इंजिनाच्या पुढच्या टोकाखाली येतात. क्रँकच्या सीलमधून ऑइल झिरपतं, रबर भिजून लोण्यासारखं मऊ होतं, आणि स्टेअरिंग फिरवलं की चाकांआधी रॅकच बाजूला सरकतो. हिशोब करून पाहा: पिनियनच्या एका फेऱ्यात रॅक समजा ४० मिमी सरकतो, आणि ३८० मिमी व्यासाच्या स्टेअरिंगचा घेर सुमारे १२०० मिमी. म्हणजे रॅक माउंटवर १ मिमी जरी सरकला तरी हाताला ३० मिमी प्ले लागतो. दातांची झीज शोधत बसण्याआधी हे पाहायचं ते यासाठी.

इलाज तीन. नवीन रबर, पॉलियुरेथेन (रबराहून कडक प्लास्टिक), किंवा अॅल्युमिनियमचे ठोकळे. नवीन रबर लावताना यू-बोल्ट बाहेरच्या बाजूला दाबून धरून मगच नट आवळायचे, म्हणजे रबर आधीच दाबलेलं राहतं. नुसतं बसवून आवळलं तर नवं रबरही सरकतं. अॅल्युमिनियमने सरकणं पूर्ण थांबतं, स्टेअरिंग इतकं नेमकं होतं की ही तीच गाडी का असं वाटावं. त्याची किंमतही आहे. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवरचा प्रत्येक सांधा हातात येतो. शहरात रोज फिरणाऱ्या गाडीला मी पॉलियुरेथेन सुचवेन, आणि जिची धाव रविवार सकाळपुरती, तिला अॅल्युमिनियम. ठोकळे लावताना नट चारही बाजूंनी पाव-पाव फेरा आवळत जा आणि प्रत्येक वेळी पिनियन हाताने फिरवून पाहा. चेसिसच्या बैठका जराशा वाकड्या असल्या तर रबर ते पोटात घालतं, अॅल्युमिनियम मात्र रॅकची नळीच वाकवतं. पिनियन जड व्हायला लागला तर थांबा, ढिलं करा, ज्या बाजूला फट आहे तिथे शिम घाला.

उंची मात्र बदलू नका. 'थोडा पत्रा खाली टाकला' म्हणून रॅक ३-४ मिमी वर गेला की टाय रॉडचा कंस आणि सस्पेन्शनचा कंस जुळेनासे होतात, आणि चाक वरखाली होताना आपोआप आत-बाहेर वळतं. त्याला बंप स्टीअर म्हणतात. सरळ धरलेली गाडी उंचवट्यावर स्वतःहून बाजूला उडी घेते, ती यामुळे. बुटके स्प्रिंग लावलेल्या गाड्यांत हा दोष आधीच असतो.

या कामात विजेची एक गंमतही आहे. रबर कपलिंगमुळे कॉलम रॅकपासून विजेच्या दृष्टीने तुटलेला असतो, आणि हॉर्नचं अर्थिंग कॉलममधून जातं. म्हणून कपलिंगवरून एक छोटी अर्थिंगची पट्टी असते. ती जोडायची राहिली की रॅक उत्तम, स्टेअरिंग उत्तम, आणि हॉर्न मुका. मग दिवसभर फ्यूज आणि रिले तपासले जातात.

क्विक रॅक, म्हणजे कमी फेऱ्यांचा रॅक, विकत मिळतो. मूळचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेचार फेरे घेतो. तो तीन फेऱ्यांवर आणला की हाताचा जोर चौथ्या हिश्शाने वाढतो. रुंद टायर असतील तर सीताबर्डीच्या गर्दीत गाडी लावताना खांदे भरून येतील. ही गाडी मुळात ७ मीटरच्या आसपास व्यासात वळते, तिला चपळाईची कमी नाही. छोट्या हॅचबॅकचा इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा कॉलम बसवणारेही आहेत. इतक्या हलक्या गाडीला तो लागत नाही. आणि रस्ता हाताला जे सांगतो ते मोटर गिळून टाकते, हे मला त्याहून मोठं नुकसान वाटतं. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' मालिकेत विंटेज म्हणून नोंदता येते, तो विचार असेल तर कॉलमची कापाकापी न केलेली बरी.

रॅक गाडीत बसवताना तो मध्यावर असला पाहिजे. टोकापासून टोकापर्यंतचे फेरे मोजा, निम्मे मागे या, पिनियनवर आणि नळीवर रंगाची रेघ ओढा, मग कॉलम जोडा. दोन्ही टाय रॉडवर बाहेर दिसणारे आटे सारखे ठेवा. हे चुकलं तरी अलाइनमेंटवाला चाकं सरळ करून देईल, स्टेअरिंगही काढून सरळ बसवेल, आणि गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळत राहील. शिवाय रॅकचा नवा, न झिजलेला मध्य खऱ्या मध्यावर येणार नाही.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या कडेला मागच्यापेक्षा जितकी जवळ असतात ते अंतर, रेडियल टायरला ० ते १.६ मिमी. अलाइनमेंटच्या यंत्रावर ही गाडी बहुधा सापडत नाही, आकडा हाताने द्यावा लागतो. घरी सुतळीनेही जमतं: चाकाच्या रिमवर पुढच्या कडेला मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, त्याच खुणेवर मागच्या कडेला मोजा. जॅकवर असताना मोजलेलं माप निरुपयोगी, गाडी चाकांवर उभी आणि दोन-चार मीटर ढकललेली हवी. हवा पुढे २१ आणि मागे २६ पौंड. हवा भरणारा सरसकट ३० मारतो, आणि पुढे ३० मारलेली स्पिटफायर इतकी चंचल होते की नव्या रॅकलाच दोष द्यावासा वाटतो. हवा आपण उभं राहून भरून घ्यावी.

पहिली चक्कर पहाटे, सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारावर. ताशी २० ते ३० किलोमीटरवर वळण घेऊन हात सैल सोडा, पूर्ण काढू नका. स्टेअरिंग स्वतःहून सरळ यायला हवं. येत नसेल तर डॅम्पर घट्ट आहे किंवा ट्रनियन कोरडे. दोन्ही टोकांपर्यंत वळवून टायर कुठे घासत नाही ना ते बघा. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मुभा आहे म्हणून लगेच तिकडे वळू नये. तिथे मधल्या दातांवरच सगळा खेळ असतो आणि एखादा राहून गेलेला प्ले त्या वेगात सावरता येत नाही.

१०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि पिंच बोल्ट पुन्हा तपासा. नवं माउंट बसतं, तेवढा नट ढिला होतो. ५०० किलोमीटरला बूट उघडून आतले टॅब बघा आणि डॅम्परची फट पुन्हा मोजा. तिन्ही ठिकाणची मापं, तारीख आणि शिमचा गठ्ठा किती मिमीचा होता, हे एका जाड कागदावर लिहून, जुन्या शिमच्या तारेला बांधून टूल बॅगेत ठेवा. पुढच्या वेळी कॅप उघडणारा आपणच असू असं नाही. टोक ०.५५, मध्य ०.४८, गठ्ठा ०.६५, एवढं त्याच्या हाती आलं की त्याने मोजलेला नवा आकडा कुठे ठेवून पाहायचा, ते त्याला कळेल.